तारा पोस्टवरची जुनी बॅग

"डहाके, तू बघायला आलीयेस की न्यायला?" मेजर जगदाळेंनी स्टोअरच्या दारातच विचारलं.

"फक्त बघायला, सर."

"मग बघ. पण आधी चहा घे. बघून झाल्यावर मी तुला चहा पाजीन की नाही, सांगता येत नाही."

मी तेव्हा नुकतीच कॅप्टन झाले होते. जगदाळे एका मराठा पलटणीचे क्वार्टरमास्टर होते. मोज्यांपासून तंबूपर्यंत पलटणीला लागेल ती प्रत्येक वस्तू आणायची, सांभाळायची आणि रस्ते बंद व्हायच्या आत वरच्या पोस्टांवर पोचवायची, हे त्यांचं काम. गाव खटाव तालुक्यातलं. माणूस उंच, आवाज मोठा आणि केस वयाच्या मानानं फार लवकर पिकलेले. इतरांसमोर ते माझ्याशी हिंदीत बोलायचे, पण एकटे असलो की लगेच मराठीवर यायचे. मी परतवाड्याची. माझ्या बोलण्यातलं वऱ्हाडी ऐकलं की त्यांना हसू यायचं.

स्टोअर त्यांनी स्वतः फिरून दाखवलं. बर्फातले बूट मापांप्रमाणे रचलेले, खोली तापवायच्या शेगड्या, म्हणजे बुखाऱ्या, पोत्यांत गुंडाळलेल्या, दोरांची वेटोळी एका आकाराची. सैन्यातली पुष्कळ स्टोअर्स मी पाहिली होती, इतकं नेटकं एकही नव्हतं. मागच्या बाजूला पत्र्याची एक छोटी खोली होती, तिला कुलूप होतं.

"तिथं काय आहे, सर?"

"निकामी माल. परत पाठवायचाय."

"तोही कॉम्प्युटरच्या पडद्यावर घ्यावा लागेल."

"मेलेल्याची हजेरी कशाला घेतेस?" ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मला वरच्या हेडक्वार्टरनं ज्या कामासाठी पाठवलं होतं ते ऐकायला साधं होतं. आमच्याकडे सामानाचा हिशेब तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटर सिस्टिमवर चालायचा. कपडे, बूट, तंबू एकीकडे. रेशन आणि रॉकेल दुसरीकडे. औषधं आणि दवाखान्याचं सामान तिसरीकडे. तिन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या, आणि एकीला दुसरीची माहिती दिसत नसे. एका ठिकाणी वस्तू संपलेली असायची आणि शेजारच्याच डेपोत ती धूळ खात पडलेली असायची. हे तिन्ही हिशेब जोडायचे आणि एका पडद्यावर दाखवायचे, असा तो प्रयोग होता. आमच्या भागात तो एका हिवाळ्यापुरता चालवून बघायचा होता. चांगला ठरला असता तर सगळीकडे लागू होणार होता.

खरी डोकेदुखी नावांची होती. एकच वस्तू प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळ्या नावानं नांदत होती. हापो बॅगचंच घ्या. फार उंचावर कधीकधी धडधाकट माणसाच्याही फुप्फुसात पाणी भरू लागतं. खाली उतरवणं हा त्यावरचा खरा इलाज. ते जमणार नसेल तर त्याला माणसाच्या उंचीच्या एका हवाबंद पिशवीत झोपवतात आणि बाहेरून पायपंपानं हवा भरत राहतात. आतला दाब वाढतो आणि शरीराला वाटतं आपण खाली उतरलो. जवान तिला हापो बॅग म्हणतात. औषधांच्या सिस्टिममध्ये ती 'बॅग, प्रेशर' होती, दुसरीत 'चेंबर, वाहून नेण्याजोगा', आणि हेलिकॉप्टरच्या याद्यांत नुसती 'मेडिकल, मोठं'. या तिघी एकच आहेत हे कॉम्प्युटरला समजावण्यात माझ्या शरद ऋतूतल्या सगळ्या दुपारी गेल्या.

माझे वरिष्ठ कर्नल विर्क या प्रयोगाच्या प्रेमातच पडले होते. माणूस मनानं चांगला, कामाला वाघ, पण घाईचा. दुसऱ्या बाजूला क्वार्टरमास्टर मंडळी. ती माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायची, पण न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे. तोंडावर कुणी नाही म्हणत नसे. फक्त आकडे उशिरा यायचे, अर्धे यायचे. तोंडावर बोलले ते एकटे जगदाळे.

"तुझ्या पडद्यावर दिसलं की ते कुणाच्या तरी डोळ्यात भरणार," एकदा चहाचा ग्लास ठेवत ते म्हणाले. "डोळ्यात भरलं की उचललं जाणार. तू नाही उचलणार, मला माहितेय. पण उचलणारा तुझ्याच खुर्चीच्या मागं उभा राहून बघेल."

"लपवल्यानं तरी कुणाचं भलं होतं, सर? दुसऱ्या पोस्टवरचा जवानही आपलाच ना?"

"तो आपलाच आहे," ते म्हणाले, "पण त्याच्या घरी मला जावं लागत नाही."

मला ते बोलणं आवडलं नाही. मी पुढे काही विचारलंही नाही.

डिसेंबरात रस्ते बंद झाले. त्यानंतर एका दुपारी हेडक्वार्टरमध्ये सामानाची मासिक बैठक चालू होती. बाहेर बर्फ पडत होता. कर्नल विर्क बोलत होते, मी पडदा चालवत होते, जगदाळे कोपऱ्यात बुखारीजवळ हात शेकत बसले होते. तेवढ्यात आमचे डॉक्टर, मेजर नंबियार, दार न वाजवता आत आले.

"सर, बाज पोस्टवर हापोची केस आहे," ते म्हणाले. "लान्स नाईक कोरंगा. काल खोकला होता, आज सकाळपासून तोंडातून गुलाबी फेस येतोय. बॅगेत घातला होता, चांगला सावरत होता. आता बॅगेची शिवण उसवली. हवा धरत नाहीये."

"हेलिकॉप्टर?"

"या हवेत उडणार नाही. खालच्या वाटेवर हिमकडे कोसळतायत, उचलून आणणंही अशक्य."

"किती वेळ आहे?"

नंबियारांनी खांदे उडवले. "ऑक्सिजनवर संध्याकाळ निघेल. पुढचं मी सांगू शकत नाही."

बाज ही जगदाळेंच्या पलटणीची पोस्ट नव्हती. ती शेजारच्या ब्रिगेडची, कुमाऊँकडच्या पोरांची. आमचं फोनचं जाळं जवळ म्हणून निरोप आमच्याकडे आला होता. त्यांच्या ब्रिगेडनं त्यांचं स्टोअर बघितलं होतं. तिथे बॅग होती, पण ती खाली तळावर, आणि तिथून बाजची वाट बंद.

कर्नल विर्क माझ्याकडे वळले. "डहाके, शोध."

मी 'बॅग, प्रेशर' टाकलं. माझी जुळवाजुळव बरोबर असेल तर बाकीची दोन्ही नावंही त्यातच येणार होती. पडद्यावर नकाशा उघडला, त्यावर ठिपके आले. बाजच्या अगदी शेजारी एक ठिपका होता. तारा पोस्ट. दोन्ही पोस्टांच्या मध्ये डोंगराची एक धार होती, तेवढीच. या धारेवरून दोन ब्रिगेडची हद्द जात होती. बाजचं सामान एका खोऱ्यातून वर यायचं आणि ताराचं दुसऱ्या. त्यामुळे दोघी एकमेकींच्या शेजारी आहेत, हे सामानाच्या कुठल्याच हिशेबात कधी दिसलंच नव्हतं.

"तारा कुणाची?" विर्कनी विचारलं.

"माझी, सर," कोपऱ्यातून जगदाळे म्हणाले.

ताराच्या ठिपक्यापुढे आकडा होता एक. प्रत्येक पोस्टला एकच बॅग मंजूर होती. ती बाजला दिली तर हवा सुधारेपर्यंत तारावरची पोरं बॅगेशिवाय राहणार होती. कर्नल हुकूम देऊ शकले असते. त्यांनी दिला नाही, हे मला आजही नोंदवावंसं वाटतं.

"जगदाळे, तुम्ही—"

"देतो, सर."

विर्कचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते उठले आणि फोनपाशी गेले. मी थक्क झाले. बुटांचे चार जोड मागितले तर आठवडा लावणारा माणूस पोस्टवरची एकुलती एक बॅग मागितल्याबरोबर देत होता.

फोन लागला. तारावरच्या सुभेदारांशी ते मराठीत बोलू लागले. खोलीत मराठी कळणारी त्यांच्याशिवाय मी एकटीच होते.

"सुभेदार साहेब, जगदाळे बोलतोय. पलीकडं बाजवर एकजण अडचणीत आहे. बॅग पाठवायचीय. सहाजण काढा, दोर लावून. त्यांची पार्टी धारेवर येईल, तिथं हातात द्या." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. त्यांचा आवाज खाली आला. "नवी द्या. हो, नवीच. आपल्याला जुनी राहू दे. तिची शिवण तेवढी परत बघून घ्या."

त्यांनी फोन ठेवला आणि वळले. आमची नजरानजर झाली. मी पडद्याकडे बघितलं. तारा, एक. मग परत त्यांच्याकडे. ते बुखारीपाशी जाऊन बसले आणि हात शेकू लागले.

पुढचा सगळा वेळ आम्ही फोनभोवती काढला. तारावरून पार्टी निघाली. वारा वाढल्यामुळे ती वाटेत थांबली, परत निघाली. बाजची माणसं धारेवर येऊन थांबली होती, पण बर्फात एकमेकांना दिसत नव्हती. शेवटी शिट्ट्यांच्या आवाजावर दोन्हीकडचे लोक एकमेकांपर्यंत पोचले. बॅग हातोहात गेली. उजेड जाता जाता बाजवरून निरोप आला की कोरंगाला आत घातलंय आणि बॅग हवा धरतेय. नंबियार फोनवर पंप मारणाऱ्या जवानाला सारखे सांगत होते, "थांबायचं नाही. पाय दुखला तर माणूस बदला, पण पंप थांबवायचा नाही."

तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं. हेलिकॉप्टरनं कोरंगाला खाली आणलं. स्ट्रेचरवरून तो नंबियारांना म्हणाला, "साहेब, त्या पिशवीत फार गरम होतं." डॉक्टर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कर्नल विर्कनी मेसमध्ये जिलेबी वाटली. सगळे माझ्याशी हात मिळवत होते. पडद्यानं माणूस वाचवला, असं जो तो म्हणत होता, आणि ते खोटंही नव्हतं. पडदा नसता तर ताराचं नाव कुणाला सुचलंच नसतं. मीही खुशीत होते. घरी आईला फोन करून मोघम सांगितलं की काम चांगलं चाललंय.

दोन-तीन दिवसांनी विर्कनी मला बोलावलं. जनरल साहेब भेट द्यायला येणार होते आणि त्यांच्यासमोर आम्ही प्रयोगाचा निकाल मांडायचा होता. विर्कनी शेवटचं पान स्वतः लिहिलं होतं. ते मी वाचलं. जवळजवळच्या दोन पोस्टांत मिळून एकच हापो बॅग पुरेशी आहे, असं त्यात होतं. उरलेल्या बॅगा काढून खालच्या राखीव साठ्यात ठेवाव्यात. हाच नियम पुढे बुखाऱ्यांना, ऑक्सिजनच्या सिलिंडरांना आणि स्ट्रेचरना लावावा.

"सर, हे कशाच्या जोरावर?"

"तुझ्याच जोरावर," ते आनंदानं म्हणाले. "आता कुठे काय आहे ते आपल्याला क्षणात दिसतं. मग प्रत्येकानं उशाशी घेऊन झोपायची गरज काय? आणि पुरावा समोर आहे. ताराची बॅग गेली. नवी पोचेपर्यंत तारा बॅगेशिवाय राहिली. काही बिघडलं का?"

तारा बॅगेशिवाय राहिली नव्हती. हे त्या इमारतीत दोनच माणसांना माहीत होतं.

त्याच दुपारी मी जगदाळेंच्या स्टोअरमध्ये गेले. ते पोत्यावर बसून एका बुखारीची जाळी साफ करत होते. मला बघून म्हणाले, "आलीस. मला वाटलं होतं दुसऱ्याच दिवशी येशील."

"सर, तारावर दुसरी बॅग आहे."

"तू ऐकलंस ते मी बघितलं."

"कुठून आली?"

"निकामी म्हणून कागदावर मेली होती. माझ्या शिंप्यानं शिवण मारली, वरून रबराचं सोल्यूशन. मी स्वतः आत झोपून बघितलं, मगच वर पाठवली. अशीच आणखी एक आहे." त्यांनी मान मागच्या कुलूपबंद खोलीकडे वळवली. "बाकीचंही थोडंफार आहे. आता तू विचारलंस म्हणून सांगतो."

मी त्यांना विर्कचं शेवटचं पान सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"निम्म्या काढणार?"

"हो. आणि पुरावा म्हणून तारा दाखवणार."

"मग तू काय करणार?"

"मला सांगावं लागेल, सर. तारावर एक उरली होती म्हणून तुम्ही दुसरी देऊ शकलात, हे सांगितलं नाही तर सगळा निकालच चुकीचा जातो."

"आणि सांगितलंस तर माझ्या दोन्ही जातील. चौकशी लागेल ती वेगळी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू ऐकलं नाहीस असं समज, डहाके. बाकीच्या पलटणींच्या निम्म्या गेल्या तरी माझी पोस्ट उघडी पडणार नाही. मी बघून घेईन."

"आणि बाजसारख्या पोस्टा? पुढच्या वेळी अशी एखादी पोस्ट शेजाऱ्याकडे मागेल, तेव्हा त्या शेजाऱ्याकडे द्यायला जास्तीची नसेल."

ते पुन्हा जाळी घासू लागले.

"तुम्ही हे सगळं का साठवता, सर?"

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "जा आता. मला काम आहे."

मी परत आले. त्यांनी परवानगी दिली नव्हती आणि मी वचनही दिलं नव्हतं. मधले दिवस मला जेवण गोड लागलं नाही. बोलले तर माझा प्रयोग कोसळणार, कर्नल कायमचे दुखावणार आणि ज्या माणसानं न मागता हात पुढे केला त्याच्यावरच कारवाई होणार. गप्प बसले तर सगळ्यांचं चांगलं होणार होतं, फक्त वरच्या पोस्टांचं सोडून.

जनरल साहेब आले. बारीक अंगाचे, शांत गृहस्थ, ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. समोर बरेच अधिकारी बसले होते. क्वार्टरमास्टर मंडळी मागच्या ओळीत होती आणि त्यांत जगदाळे होते. मी सगळं मांडलं. तीन सिस्टिम, नावांची जुळणी, बाज आणि तारा. टाळ्याही पडल्या. मग शेवटचं पान आलं.

"सर," मी म्हणाले, "या शेवटच्या शिफारशीशी मी सहमत नाही."

कर्नल विर्कची मान माझ्याकडे वळली. जनरलनी डोळे उघडले.

"त्या दिवशी तारा पोस्टवर आणखी एक बॅग होती. दुरुस्त केलेली. ती कुठल्याच सिस्टिममध्ये नाही, म्हणून माझ्या पडद्यावर ती नव्हती. पडद्यावर एक होती. प्रत्यक्षात दोन होत्या. म्हणून एक देता आली."

"नसती तर दिली नसती?"

"ते मला माहीत नाही, सर. पण तारा त्या दिवसांत बॅगेशिवाय राहिली असं या पानावर लिहिलंय, ते खरं नाही."

"म्हणजे तुझी सिस्टिम चुकीची माहिती दाखवते."

"लोक जेवढं सांगतात तेवढंच ती दाखवते, सर. आणि सांगितलेलं उचललं जाईल असं वाटलं की लोक सांगत नाहीत."

"न नोंदवलेलं सामान कुणी ठेवलं होतं?"

तारा कुणाची हे शोधायला त्यांना एक मिनिट लागलं नसतं, हे मलाही कळत होतं. तरी माझ्या तोंडून नाव निघेना.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "मी, सर. मेजर जगदाळे."

"का?"

जगदाळे सरळ उभे होते. नेहमीचा मोठा आवाज नव्हता.

"मागच्या हिवाळ्यात तारावरची बॅग दुसरीकडे हलवायचा हुकूम निघाला, सर. हुकूम थेट पोस्टवर गेला. तिकडे निकड होती असं म्हणतात, असेलही. पोस्टच्या लोकांनी दिली. मला दोन दिवसांनी कळलं. मी दुसरी पाठवायची तजवीज करत होतो, तेवढ्यात आमचा शिपाई दत्ता खरात आजारी पडला. जत तालुक्यातला. हवा खराब होती. त्याला खाली आणता आलं नाही. तो वरच गेला. मी त्याला घेऊन त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या वडिलांनी विचारलं, वर औषधपाण्याची सोय नव्हती का? मी काय सांगणार होतो, सर? सोय होती, कुणीतरी नेली, आणि नेताना मला कुणी विचारलं नाही, हे सांगू?"

जनरलनी परत डोळे मिटले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बसा, मेजर." मग विर्कना म्हणाले, "शेवटचं पान काढून टाका."

पुढं जे झालं ते सरळ सांगते. चौकशी झाली. न नोंदवलेलं सामान ठेवल्याबद्दल जगदाळेंच्या नावे नाराजीचं पत्र निघालं. ते त्यांच्या फाइलला लागलं आणि पुढची बढती त्यांना मिळाली नाही. माझा प्रयोग अपुरा ठरवून तो सगळीकडे लागू करणं वर्षभर मागं टाकलं गेलं; आमच्या भागात तो चालू राहिला. कर्नल विर्क माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. बदली होऊन जाताना मात्र ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "मी कोरंगाच्या आनंदात होतो. खरातची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती." मी म्हणाले, "मलाही नव्हती, सर."

बॅगा मात्र कुठूनही काढल्या गेल्या नाहीत, जगदाळेंच्या त्या दोन दुरुस्त बॅगाही नाहीत. आणि एक नियम आला. तो मी लिहून पाठवला होता. मंजूर व्हायला त्याला बरेच महिने लागले. जास्तीचं सामान नोंदवणाऱ्यावर कारवाई होणार नाही. ते पडद्यावर सगळ्यांना दिसेल. पण ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय ते हलवता येणार नाही.

नियमाचं परिपत्रक निघालं त्या आठवड्यात जगदाळे माझ्या खोलीत आले. मी उभी राहिले. त्या बैठकीनंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"बस," ते म्हणाले. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "घे लिहून. दुरुस्त बॅगा, दोन. बुखाऱ्या, पाच. स्ट्रेचर... हसू नकोस, स्ट्रेचर माझ्या सुतारानं केलेत, चांगले आहेत. बर्फातले गॉगल, एक पेटी. टायर लिहून घ्यायचा का?"

"कसला टायर, सर?"

"जाऊ दे. लिही, टायर."

आम्ही संध्याकाळपर्यंत लिहीत होतो. उठताना त्यांनी पडद्यावर आपलं नाव आणि त्यापुढचा फोन नंबर नीट तपासला.

"तुम्ही माझ्यावर रागावलात का, सर?" मी विचारलं.

"रागावलो होतो," ते म्हणाले. "अजूनही थोडा आहे. कमी होईल."

त्यानंतरचा हिवाळा त्यांचा तिथला शेवटचा होता. जानेवारीत एका सकाळी आणखी दुसऱ्याच पलटणीकडून मागणी आली. त्यांच्या एका पोस्टवरची बॅग गळत होती. आजारी कुणी नव्हतं, पण माणसं नवी होती आणि हवा बिघडायची चिन्हं होती. पडद्यावर सगळ्यात जवळ जगदाळेंच्या दोन जास्तीच्या बॅगा दिसत होत्या. मी फोन उचलला.

"सर, डहाके. तुमच्या दुरुस्त बॅगांपैकी एक मागतायत." मी पोस्ट सांगितली, कारण सांगितलं.

त्यांनी पोस्टचं नाव परत विचारून घेतलं. मग म्हणाले, "थांब. मी वरच्या पोरांशी बोलतो."

मी थांबले. नियमात मुदत लिहिलेली नव्हती. मागणी करणाऱ्या पलटणीचा मधे एकदा फोन आला, मी त्यांना सांगितलं, मालकाला विचारलंय, उत्तर आलं की कळवते. बाहेर ऊन पडलं होतं आणि छपरावरचा बर्फ ठिबकत होता.

फोन वाजला.

"एक पाठवतो," जगदाळे म्हणाले. "आजच निघेल. दुसरी मागू नका. तारावर या वर्षी तीन नवी पोरं आहेत."

"नाही मागणार, सर."

"आणि डहाके, त्यांना सांग, शिवणीच्या बाजूनं दुमडायची नाही. गुंडाळायची."

"सांगते."

मी पडद्यावर दोनाची एक केली आणि त्या पलटणीला फोन लावला.